दुष्काळात फुगलेली सून

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात शिरपुरातल्या सगळ्या बाया वाळल्या आणि मी एकटी फुगले. आज ऐकायला गंमत वाटेल. पण त्या दिवसांत फुगलेल्या सुनेकडे लोक कसे बघायचे, ते मलाच ठाऊक. घरात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्याही अर्धपोटी. गावातल्या बायांच्या गळ्याची हाडं वर आलेली. आणि आमच्या घरची सून बघावी तर गाल गोल, पापण्या सुजलेल्या, बांगड्या मनगटात रुतलेल्या. मग सून चोरून खाते, दुसरं काय असणार!

सासूला मी आत्या म्हणायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. नवरा किन्हीराजाकडच्या एका खेड्यावर शाळामास्तर, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. म्हणजे घरात आम्ही दोघीच. आत्यानं मला चोर असं तोंडानं कधी म्हटलं नाही. तिनं फक्त पिठाच्या डब्यात पीठ दाबून त्यावर आपली पाच बोटं उमटवून ठेवायला सुरुवात केली. बोटं मोडलेली दिसली की चोर सापडला. मी पहिल्याच दिवशी ते पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, मला भूकच नव्हती! ताटातली भाकर अर्धी टाकून मी उठायचे, ती अर्धी आत्याच खायची, आणि पीठ म्हणे मी चोरते.

माहेरी, इंझोरीला, मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते. कोणी एक बोललं की माझी तीन उत्तरं तयार. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मायला एकच धास्ती होती, की ही पोरगी सासरी तोंड चालवील आणि चार दिवसांत परत येईल. पण दुष्काळाच्या त्या वर्षी काय झालं कोण जाणे, माझं तोंडच चालेना. जीभ जाड झाली. आवाज घोगरा झाला, इतका की दारामागून बोलले तर लोक मास्तर घरी आले समजायचे. आणि उत्तर सुचायचं, पण समोरचा माणूस निघून गेल्यावर. पिठातल्या बोटांवरून आत्याला काय सुनवायचं, ते मला दोन दिवसांनी सुचलं. तोवर भांडायची ताकद उरली नव्हती.

तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. दुष्काळ आमच्याकडे मराठवाड्याइतका नव्हता म्हणतात, पण विहिरी आटल्या होत्या आणि गावाबाहेर सडकेचं सरकारी काम निघालं होतं. आत्या आणि मी तिथं खडी फोडायला जायचो. आत्या काटक. उन्हात बसून हातोडा चालवायची, मधे पाणीसुद्धा मागायची नाही. मी टोपलं उचललं की चार पावलांवर धाप लागायची, छातीत धडधड व्हायची. भर उन्हात मला थंडी वाजायची आणि मी पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळून घ्यायची. बाया खदाखदा हसायच्या. आत्या दात-ओठ खायची.

"मी तुह्या वयाची होती तवा एक लेकरू पाठीवर, एक पोटात, आन् डोक्यावर काड्याचा भारा आनत होती," ती म्हणायची. "मले नाई कवा थकवा आला. तुलेच कायले येते वं?"

मलाही तेच कळत नव्हतं. झोपून उठले तरी झोपले नाही असं वाटायचं. वेणी घालताना केस हातात यायचे. माझ्या मनात आलं, मीच कामचोर असेन. चारचौघी जे रोज म्हणतात ते माणसाला खरं वाटायला लागतं.

एक दिवस सडकेवर मी टोपलं घेऊन निघाले आणि मधेच बसले. पाय जागचे हलेनात. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. आत्या लगबगीनं आली, शिव्या द्यायलाच आली होती. मी म्हटलं, "आत्या, माहे पाय भारी झाले. उचलतच नाई."

आत्या तिथंच थांबली. तिचा चेहरा पाहता पाहता बदलला. तिनं माझ्या डोक्यावरचं टोपलं काढून घेतलं, स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि कानाशी लागून विचारलं, "कवापासून?"

"लय दिवस झाले," मी म्हटलं.

"आन् मले आता सांगून राह्यली! येडी पोर हाय बाप्पा."

तिनं मला हाताला धरून बाभळीच्या सावलीत नेऊन बसवलं आणि मुकादमाला काहीतरी सांगितलं. मुकादम मान हलवून हसला. मला वाटलं, चला, माझ्या पायांकडे शेवटी कोणाचं लक्ष गेलं. संध्याकाळी घरी आल्यावर आत्यानं कुठून तरी गुळाचा खडा आणून माझ्या तोंडात घातला, तेव्हा कुठं माझ्या मंद डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे पाय भारी झाले याचा अर्थ एकच. बाईला दिवस गेले.

मी खरंखुरं पायांबद्दल बोलले होते. ते मी लगेच सांगायला हवं होतं का? पण सांगायचं काय? दोन महिने झाले, मी बाजूला बसले नव्हते. मलाही वाटलं, अरेच्चा, असेलही! आत्या चार लेकरांची माय, तिला कळत असेल. आणि त्यात तिला माझ्या उशाशी खापराचे तुकडे सापडले. मला त्या दिवसांत माती खायची अशी तल्लफ यायची की काय सांगू. फुटक्या मडक्याचं खापर, छपरावरच्या कवेलूचा तुकडा, त्यावर पाणी शिंपडून तो वास घ्यायचा आणि कुटुकुटु चावायचं. पोटभर भाकरीपेक्षा मला ते गोड लागायचं. मी लाजून लपवून ठेवायची. आत्यानं ते तुकडे ओंजळीत घेऊन शेजारणीला दाखवले. "पाय, डोहाळे लागले माह्या सुनेले!" आता शंकेला जागाच राहिली नाही. मलासुद्धा.

आणि मग काय थाट झाला माझा! तिसऱ्या महिन्यात आत्यानं गुपचूप चोरचोळी केली. हिरवं खणाचं कापड कुठून पैदा केलं ते तिलाच ठाऊक. आमच्या घरातले देव छप्पन सालच्या धर्मांतरातच गेले होते, पूजा नाही की नवस नाही. शेजारीण हळूच म्हणाली, "आता हे रीत कायले करतं?" आत्या म्हणाली, "देव सोडले वं, चोळी थोडीच सोडली!" ती चोळी मी घातली आणि महिन्याभरात दंडात घट्ट झाली. आत्याला तेवढा आनंद दुसऱ्या कशानं झाला नसता.

पिठातली बोटं बंद झाली. सडकेवर जाणं बंद झालं. मी दुपारी आडवी झाले तर आत्या दाराला फडकं लावून अंधार करायची. शेजारीण आली तर तिला ओट्यावरच थोपवायची, "झोपलं हाय लेकरू, हळू बोल." मी डोळे मिटून ऐकायची. दमणूक तीच होती. धाप तीच होती. कालपर्यंत मी कामचोर होते आणि आज त्याच अंगाला दुपारची झोप मिळत होती. फरक फक्त पोटातल्या लेकराचा. ते लेकरू नसतं तर?

ही भीती माझ्या मनात पाचव्या महिन्याच्या सुमाराला शिरली आणि मग हलेना. पोट वाढलं होतं, खरं आहे. पण पोटऱ्याही वाढल्या होत्या, गालही, पापण्याही. पोट मला दुसऱ्या कोणाचं वाटत नव्हतं, माझंच वाटत होतं. मी हात ठेवून बसायची. काही हलायचं नाही. बाया विचारायच्या, "फिरते का वं लेकरू?" मी म्हणायची, "कवा कवा." आत्या माझ्याकडे टक लावून बघायची. सुईणीला ती बोलवत नव्हती. म्हणायची, दृष्ट लागते. पण मला वाटतं, तिलाही भीती वाटायला लागली होती. तिच्या थोरल्या सुनेला चार वर्षं मूल झालं नव्हतं, आणि आत्यानं तिला माहेरी धाडलं ते कायमचं. थोरला मुलगा मग दुसरी करून पुसदकडे निघून गेला. आमच्या घरात त्या पहिल्या सुनेचं नाव कोणी काढत नसे. मी रोज सकाळी उठून तिचाच विचार करायची.

सहावा लागला असेल नसेल. मी चूल सारवत होते आणि उठले तर पातळ भिजलेलं. मी कोणाला हाक मारायच्या आत रक्त जमिनीवर सांडलं. एवढं रक्त माझ्या अंगात होतं हेच मला नवल वाटलं. आत्या आली, तिनं पाहिलं आणि हंबरडा फोडला. गल्लीतल्या बाया धावल्या. आत्या कपाळावर हात मारून रडत होती, "गेलं वं माय, माहं लेकरू गेलं!" आणि मी भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होते. मला रडूच येईना. कोण गेलं? मी त्या रक्तात काही दिसतं का ते बघत होते. काही नव्हतं. ते थांबेना मात्र. दुसऱ्या दिवशी थांबेना, तिसऱ्या दिवशी थांबेना. मास्तर शनिवारी आले, माझे ओठ पाहिले आणि सरळ बस धरून मला अकोल्याला नेलं. आत्याही आली.

दवाखान्यात बाईडॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, चष्मा, आवाज कडक. त्यांनी पोट तपासलं ते तपासलंच, पण मग माझ्या गळ्याला हात लावला आणि म्हणाल्या, "गिळ." मी आवंढा गिळला. "पुन्हा गिळ." मग नखं बघितली, जीभ बघितली, पापणी खाली ओढून बघितली. मला खुर्चीवर गुडघ्यांवर उभं करून टाचेच्या वर छोटा हातोडा मारला. पाऊल उडालं आणि मग सावकाश, अगदी आळसावल्यासारखं खाली आलं. त्यांनी पुन्हा मारला. तसंच. "बघा," त्या आत्याला म्हणाल्या, "हिचं पाऊलसुद्धा हळू परत येतं. हे काही कोणी मुद्दाम करू शकत नाही."

आत्यानं एकच विचारलं, "लेकराचं काय झालं जी?"

"लेकरू नव्हतंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिला दिवस कधी गेलेच नव्हते."

त्या पुढं पुष्कळ बोलल्या. गळ्यात एक ग्रंथी असते, ती सगळ्या अंगाला चालना देते. अंगात रोगाशी लढणारी फौज असते. माझी फौज चुकली होती, माझ्याच ग्रंथीला शत्रू समजून तिला खात होती. म्हणून अंग मंद, सूज, थंडी. म्हणूनच पाळी तटते आणि मग अशी धो धो येते. आणि रक्त असं जात राहिलं की अंगातलं लोह संपतं, मग धाप लागते आणि माती खावीशी वाटते. दोन्ही आजार मिळून माणसाला पार झोपवतात. मी एकेक शब्द ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या आळसाला नाव देत होतं. मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. आत्यानं मात्र 'नव्हतंच' यानंतर काही ऐकलं नाही. ती भिंतीकडे बघत बसली होती. सगळ्या गावाला तिनं सांगितलं होतं.

गावात आल्यावर ती 'पडलं' एवढंच म्हणाली. कोणी जास्त विचारलं तर अंगावर जायची. मला ती वाईट काही बोलली नाही, आणि हेच वाईट होतं. डॉक्टरबाईंनी दोन गोळ्या दिल्या होत्या. एक लहानशी पांढरी, ग्रंथीसाठी, ती जन्मभर. दुसरी लोहाची, तपकिरी. आत्या रोज सकाळी स्वतःच्या हातानं मला त्या द्यायची. गोळ्या गरम पडतात असं आमच्याकडे पक्कं समजतात. म्हणून ती दोन्ही गोळ्या खलात कुटायची, शेळीच्या दुधात कालवायची आणि कप माझ्या हातात देऊन समोर उभी राहायची. दुष्काळातली शेळी, आटत आलेली. दूध ते केवढं निघायचं! स्वतः काळा चहा प्यायची आणि ते दूध मला पाजायची. मी शेवटचा घोट घेईपर्यंत हलायची नाही.

महिना गेला, दुसरा गेला. पाऊसपाणी झालं, पेरण्या झाल्या, निंदणाला बाया शेतात गेल्या. आणि माझ्यात रतीभर फरक नाही. सूज तीच, थंडी तीच. वर पोट बिघडायचं, शौचाला काळं व्हायचं. मी निंदायला बसायची आणि माझी ओळ सगळ्यांच्या मागं राहायची. शेजारीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता पोटात ना पोर, ना काई. मंग हे काहून बसते वं?" मी मान खाली घालून गवत उपटत राहिले. आत्यानं विळा मातीत खुपसला. माझी राहिलेली ओळ तिनंच काढली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या शनिवारी ती मुलाला म्हणाली, "हिच्या गोळ्या संपल्या. मी नेते हिले अकोल्याले. त्या बाईले समोरासमोर इचारते. रोग असंन तं गुण कायले येत नाई? आन् नाटक असंन तं मी हिले तिकडूनच माहेरी पोचवून देते."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते कंदिलाची काच पुसत होते. म्हणाले, "माय म्हणते तं एकदा दाखवून या."

"आन् तुमी काय म्हणता?" मी विचारलं.

त्यांनी काच पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. मला इतका राग आला की घोगऱ्या आवाजात का होईना मी ओरडले, "मास्तर हाय ना तुमी? पोरांले एवढं शिकवता, बायकोसाठी एक वाक्य नाई येत?" त्यांनी काच कंदिलावर चढवली. आत्यानं माझी पत्र्याची पेटी भरली. दोन लुगडी, कंगवा, ती हिरवी चोळीसुद्धा. तिनं चोळी घडी करून पेटीत ठेवली तेव्हा मला कळलं की ही बाई मनानं मला धाडून बसली आहे. आता राहिलं ते अकोल्यावर.

बसमध्ये पेटी आमच्या दोघींच्या मधे होती. मालेगाव गेलं, पातूर गेलं. माझ्या हातापायाला घाम आला होता, मला, जिला उन्हाळ्यात थंडी वाजायची तिला. इंझोरीत माझा बाप थकलेला, भावाची बायको घरात. टाकलेली लेक म्हणून मी त्या घरात कुठं बसणार होते? आणि या अंगानं कोणत्या कामाला जाणार होते? थोरल्या सुनेचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण त्या दिवशी ती सगळा रस्ता माझ्या शेजारी बसून होती.

डॉक्टरबाईंनी आम्हाला ओळखलं. आत्यानं बसायच्या आतच सुरुवात केली. "बाई, तुमच्या गोळ्या हिनं माह्या डोयासमोर घेतल्या. एक दिस चुकवली नाई. तरी हे उठत नाई. खरं काय थे सांगून टाका. हे पाहा, पेटी संगच आनली हाय."

डॉक्टरबाईंनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "गोळ्या कशा देता?" त्यांनी विचारलं.

आत्यानं अभिमानानं सांगितलं. कुटून. दोन्ही संगंच. दुधात. न्याहारीसोबत.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, लहान गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, आणि तासभर दुसरं काही नाही. लोहाची संध्याकाळी जेवणानंतर. दूध नको, चहा नको. लोह त्या लहान गोळीला अंगी लागू देत नाही, हे मी पुढं कितीतरी वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून ऐकलं. त्या बाईंना ते तेव्हा ठाऊक होतं की त्यांनी पोटाच्या त्रासापायी गोळ्या वेगळ्या केल्या, कोण जाणे. पण एवढं खरं की आत्यानं स्वतःच्या तोंडचं दूध मला पाजलं आणि त्यातच माझं औषध वाया गेलं.

"म्हणजे मीच..." आत्या म्हणाली आणि थांबली. पण ती सहजी हार मानणारी नव्हती. "थे जाऊ द्या. पण एवढा थकवा बाईमानसाले येते काय? मी नाई थकत काय? मी तं कवा बसली नाई."

"तुम्ही थकत नाही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"थकते ना! बाई म्हटलं का थकनारच. पाय दुखते, डोयासमोर अंधारी येते, छातीत धडधड होते. सांगाचं कोनाले? काम थोडीच थांबते?"

डॉक्टरबाई उठल्या. त्यांनी आत्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. मी समोरच होते, मला दिसलं. आत पांढरं होतं, धुतलेल्या कापडासारखं. त्यांनी तिचा तळहात उलटा केला, माझा तळहात त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही सारखेच फिके होते. "तुमचंही रक्त कमी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याइतकंच. किती वर्षांपासून आहे ते देव जाणे. तुम्हालाही लोहाची गोळी देते."

आत्या हसली. म्हणाली, "मले काय झालं! मी तं धडधाकट हाय." पण तिनं आपला हात मागं घेतला नाही. तो तसाच माझ्या हाताशेजारी टेबलावर राहिला.

परतीच्या बसमध्ये तिनं पेटी आपल्या मांडीवर घेतली होती. ती पेटी कुठं जाणार आहे ते मला अजून कळलं नव्हतं. मालेगावला गाडी बदलायची होती. तिथून एक गाडी शिरपूरला जायची आणि एक किन्हीराजावरून मंगरूळकडे, म्हणजे माझ्या माहेरच्या वाटेला. दोन्ही गाड्या स्टँडवर उभ्या होत्या. कंडक्टर हाका मारत होते. मी आत्याच्या तोंडाकडे बघत उभी होते.

आत्यानं पेटी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. मला वाटलं, चप्पल नीट करते. पण ती उठेना. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. मंगरूळची गाडी सुरू झाली, वळली, गेली. मी श्वास सोडला. "आत्या, चला, आपली गाडी," मी म्हटलं. ती हलली नाही. शिरपूरची गाडीही धूळ उडवत गेली.

"काय वं," ती म्हणाली, हळू आवाजात, कोणी ऐकू नये तसं. "मंग मी बी बिमारच होती काय? सारी जिनगी?"

मी तिच्याजवळ खाली बसले. तिनं तोंड फिरवलं, पदर डोळ्यांना लावला, मग पदर बाजूला केला आणि मला म्हणाली, "थोरलीले मी उगाच धाडलं वं. थे बी तुह्यासारखीच थकून बसत होती."

मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. आमच्या लग्नाला तिसरं वर्ष होतं, एवढ्या दिवसांत तिनं मला असा भार कधी दिला नव्हता.

"मी थकली, पोरी," ती म्हणाली. "जराशीक झोपते. शिरपूरची गाडी आली का मले उठवजो."